लहान डाग

थंडपाणीच्या गर्भपिशवीत कॅन्सर निघाला, हे तिच्या सुनेनं मला जिन्यात सांगितलं तेव्हा माझ्या हातातली पिशवी सुटली. बटाटे एकेक पायरी उतरत खालच्या मजल्यावर गेले. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, वेचायला कुणी वाकलं नाही.

"पण परवा तर ती हसत होती," एवढंच मी म्हणाले.

"अजूनही हसतायत, बाई," सून म्हणाली. "तोच तर घोर आहे."

थंडपाणी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती माझ्या समोरच्या दारात राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात मुलगा आणि सून. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, सून एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. आणि थंडपाणी मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. तिथं तिच्याइतकं जुनं आता कुणी उरलेलं नाही. नवी मुलगी कामाला लागली आणि रक्तानं भरलेली चादर सरळ गरम पाण्याच्या मशिनात कोंबायला लागली की ही पार दुसऱ्या टोकावरून ओरडायची, "थंड पाणी, अगं थंड पाणी." गरम पाण्यानं रक्त कापडात शिजून बसतं आणि मग तो डाग चादरीबरोबरच म्हातारा होतो. ओरडून ओरडून तिचं तेच नाव पडलं. पुढे ते घरापर्यंत आलं. आता दूधवालासुद्धा थंडपाणी कुठे राहतात म्हणून विचारतो.

लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात आहे. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिली. खिडक्या छताला चिकटलेल्या, त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. फरशी कायम ओली. ड्रायरच्या घरघरीत माणसाला ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून थंडपाणी घरीही ओरडूनच बोलते. वरच्या वॉर्डांतून चादरींच्या ट्रॉल्या लिफ्टनं खाली येतात आणि पहिल्यांदा तिच्या टेबलावर येतात. ती कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून त्या वेगळ्या करते. कुठली भिजवायची, कुठली सरळ मशिनात, कुठली फाटली म्हणून शिवायला.

हे करता करता तिला एक खोड लागली होती. ती चादरीवरून पेशंट सांगायची. "ही पोटाच्या ऑपरेशनची. ही बाळंतीण. आणि हा बघ, कालच्या चादरीवर ताटाएवढा होता, आज नाण्याएवढा. हा गडी उद्या घरी जाणार." आणि बहुतेक वेळा तो गडी घरी जायचाही. डाग मोठा तर माणूस संकटात, डाग लहान होत गेला तर माणूस सुटला. डॉक्टरांनी घरी सोडायच्या आधी थंडपाणी सोडते, अशी लाँड्रीत चेष्टा चालायची. या चेष्टेत काही वावगं आहे असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. तिलाही नव्हतं.

आता लंबूबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं आधी तिलाच ठाऊक होतं. लंबू म्हणजे थंडपाणीची घडीची जोडीदारीण. चादरीची घडी घालायला दोघी लागतात. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, चादर झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे जायचं. लंबू नावाप्रमाणेच उंच, थंडपाणी तिच्या खांद्याला लागते, त्यामुळे चादर नेहमी एका बाजूनं उतरती. दिवसभर या दोघी समोरासमोर येतात, एखादं वाक्य बोलतात आणि मागे जातात. ड्रायरच्या आवाजात लांबून ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या गप्पा अशा तुकड्यातुकड्यांनी होतात.

त्या दिवशीच्या गप्पा लंबूनं मला पुढे जशाच्या तशा सांगितल्या.

थंडपाणी टोकं घेऊन जवळ आली आणि म्हणाली, "अगं, एक गंमत." आणि मागे गेली.

परत आली. "मला पुन्हा सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

ती मागे गेली, चादर झटकून परत आली. "पाळी."

लंबूच्या हातून टोक सुटलं आणि धुतलेली चादर ओल्या फरशीवर पडली. तिची पाळी जाऊन चार-पाच वर्षं तरी झाली होती. लंबू इतकी हसली की मशिनवरच्या दोघी-तिघी काय झालं म्हणून धावत आल्या.

"तरुण झालीस की गं," लंबू म्हणाली. "आता तुझ्यासाठी स्थळं बघायला हवीत."

"बघ बाई. फक्त तुझ्याएवढा उंच नको. घडी नीट बसत नाही."

त्या दिवशी थंडपाणीनं लाँड्रीतल्या सगळ्यांना चहा पाजला. पुढे कित्येक महिने तिला कुणी "काय नवरीबाई" म्हणून हाक मारायचं. जिचं वय पन्नाशी ओलांडून बरंच पुढे गेलेलं, गुडघे दुखतात, दातांची दोन ठिकाणी खिंड पडलेली, तिला फुकटात कुणी तरुण म्हणालं तर कुणाला आवडणार नाही? तिनं ते कौतुक मजेत घेतलं.

पण खरी चूक त्या कौतुकाची नव्हती. चूक तिच्या टेबलावरची होती. तिला जे दिसत होतं ते अगदी थोडं होतं. दोन दिवस फिकट गुलाबी, मग काही नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपकिरी ठिपका, मग काही नाही. कधी नुसतं पाणी, त्याला जरा रंग. ती ते थंड पाण्यात खळबळून टाकायची आणि वाळत घालायची. दिवसभर ज्या बाईच्या हाताखालून ताटाएवढे डाग जातात तिला नखाएवढ्या डागाची काय भीती वाटणार? तिच्या हिशेबी हा पेशंट केव्हाच बरा होऊन घरी निघालेला होता. असं सात-आठ महिने चाललं. त्या सात-आठ महिन्यांत तिच्या डोक्यावर बरोबर तीन मजले सोडून बायकांच्या आजारांचा विभाग होता आणि त्या विभागाच्या चादरी रोज तिच्याच टेबलावर येत होत्या.

तिला तिथं नेलं ते तिच्या सुनेनं, आणि तेही न नेता.

सुनेचं असं झालं होतं की तिची पाळी थांबायलाच तयार नसायची. आठवडा उलटला तरी चालूच, थांबली म्हणेपर्यंत मधेच पुन्हा डाग. ऑफिसात खुर्चीवरून उठायची भीती वाटायची तिला. जिना चढताना ती माझ्या दाराशी थांबून श्वास घ्यायची आणि वर मलाच विचारायची, "काय बाई, कशा आहात?" थंडपाणीला ही सगळी थेरं वाटायची.

"आमच्या वेळी असले लाड नव्हते," ती म्हणायची. "जातं एखादीला जास्त. म्हणून कुणी डॉक्टरकडे पळत नव्हतं."

"आई, मला चक्कर येते."

"सकाळचं खात नाहीस, चक्कर नाही तर काय बक्षीस येणार?"

तरी सुनेनं हॉस्पिटलात नाव नोंदवलं. तिचा नंबर आला त्या दिवशी सासूबाई मधल्या सुट्टीत एप्रनसकट वर हजर. सुनेनं विचारलं, "तुम्ही कशाला आलात?" तर म्हणाली, "तुला काही नीट सांगता येत नाही. तू फोनवर दुसऱ्यांचंच ऐकतेस." मला वाटतं तिला खरं म्हणजे दुसरीच आशा होती. नातवंडाबद्दल काही बोलणं निघतंय का, ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी सुनेला एकेक विचारायला सुरुवात केली. किती दिवस जातं. तासाभरात पॅड भिजून बदलावं लागतं का. मोठ्या गाठी पडतात का. दोन पाळ्यांच्या मधे दिसतं का. संबंधानंतर दिसतं का. या प्रश्नाला सासूबाईंनी छताकडे पाहिलं. दम लागतो का, चक्कर येते का. सून उत्तरं देत होती, बाई लिहीत होत्या.

थंडपाणीला ते फार लांबलंय असं वाटलं असावं. तिची सुट्टी संपत आली होती.

"डॉक्टरीणबाई, जरा समजवा हिला," ती मधेच म्हणाली. "एवढंसं झालं की घाबरते. आता मला बघा. माझी जाऊन इतकी वर्षं झाली, आता परत सुरू झाली. मी काही बोलते का? आपलं काम बरं की आपण बरे."

बाईंचं पेन थांबलं. सून सांगते, कोपऱ्यात कापूस कापत बसलेल्या नर्सची कात्रीही थांबली.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

थंडपाणीला वाटलं, आवाज पोचला नाही. तिनं तेच पुन्हा, लाँड्रीतल्या आवाजात सांगितलं.

"कधीपासून?"

"झाले असतील सात-आठ महिने. थोडंसंच असतं. मी काही तक्रार करत नाही हं, मी हिला उदाहरण देतेय."

"तुम्ही खाली लाँड्रीत असता ना?"

"हो तर. तुमच्या वॉर्डाच्या सगळ्या चादरी माझ्याच हाताखालून जातात."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. सून म्हणते, डॉक्टरांचा चेहरा असा होतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. रागावल्या नव्हत्या. कुणीतरी गालात मारल्यासारख्या दिसत होत्या.

"सात-आठ महिने," त्या म्हणाल्या, "तुम्ही या जिन्याच्या खाली होतात."

मग त्यांनी सुनेचा कागद बाजूला ठेवला, कोरा कागद पुढे ओढला आणि थंडपाणीला बसायला सांगितलं.

"माझा नंबर नाही," थंडपाणी म्हणाली. "हिचा आहे."

"आता तुमचा आहे. बसा. पाळी सलग वर्षभर आली नाही की ती गेली असं आम्ही धरतो. त्याच्यानंतर जे दिसतं ती पाळी नसते. थेंबभर असो, एकदाच दिसो, नुसता गुलाबी रंग असो. ते तपासायचंच असतं, आणि लवकर तपासायचं असतं."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण मघाचं, शिळं.

"अहो पण नखाएवढा डाग असतो," ती म्हणाली. "मी काय डाग बघितले नाहीत का? मोठा डाग म्हणजे वाईट. लहान झाला म्हणजे माणूस घरी जातो. रोज बघते मी."

"तुम्ही बघता त्या चादरी कुणाच्या?" बाईंनी विचारलं. "जे वर येऊन खाटेवर झोपले त्यांच्या. त्यांच्यावर उपचार झालेले असतात, म्हणून त्यांचा डाग लहान होतो. जे आलेच नाहीत त्यांची चादर तुमच्याकडे कधी आली का?"

सून सांगते की यावर थंडपाणीनं हातमोजे खिशातून काढले आणि पुन्हा खिशात घातले.

"घाबरवायचं म्हणून नाही सांगत," बाई पुढे म्हणाल्या. "दहाजणी अशा आल्या तर बहुतेकींचं साधंच काही निघतं. आतली कातडी पातळ झालेली असते, कधी आत मोडासारखी छोटी, साधी गाठ असते. पण एखादीच्या बाबतीत तो कॅन्सर असतो आणि ती एखादी कोण, हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. मलासुद्धा नाही. म्हणून बघायचं."

तो शब्द खोलीत पडला. सून आली होती स्वतःचं दुखणं घेऊन, आणि आता सासूचा हात धरून सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. तिचं स्वतःचं रक्त तपासलं तेव्हा तेही निम्म्यावर आलेलं निघालं आणि थायरॉइडची गडबड सापडली. त्याला गोळ्या मिळाल्या आणि पुढे तिची पाळी ताळ्यावर आली. पण त्या दिवशी तिला स्वतःची आठवणसुद्धा नव्हती.

सोनोग्राफीत आतलं अस्तर जाड दिसलं. मग आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल यायचे दिवस घरात कसे गेले ते मी समोरच्या दारातून पाहत होते. मुलगा कामावरून आला की चष्मा काढून पुसत बसायचा, घालायचा, पुन्हा पुसायचा. एकदा तो बायकोवर घसरला.

"तुला माहीत होतं आणि तू मला बोलली नाहीस?"

"मला कुठे माहीत होतं? त्या लाँड्रीत सगळ्यांना चहा पाजत होत्या आणि घरात एका शब्दानं बोलल्या नाहीत."

"घरात काय बोलणार?" थंडपाणी आतून ओरडली. "तू माझा मुलगा आहेस. तुला का हे सांगायचं असतं?"

मुलगा हळूच म्हणाला, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"अंधार नाही तिथं, ट्यूबलाइट आहेत," थंडपाणी म्हणाली आणि स्वतःच हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

निकाल आला. त्याच दिवशी ते बटाटे जिन्यावरून घरंगळले.

लंबूला ते कसं सांगायचं हा प्रश्न थंडपाणीनं तिच्याच पद्धतीनं सोडवला. चादरीची टोकं धरून ती जवळ आली आणि म्हणाली, "कॅन्सर आहे म्हणे." आणि मागे गेली. पण या वेळी मागे जाऊन झटकायला समोर कुणी नव्हतं. लंबू आपली टोकं हातात घेऊन जागच्या जागी खाली बसली होती, त्या एवढ्या उंच बाईचे पाय ओल्या फरशीवर पसरलेले. मशिनवरच्या मुली धावत आल्या, कुणी पाणी आणलं.

"मी तुला नवरी म्हणत होते," लंबू शेवटी म्हणाली.

"मग काय झालं? मला आवडत होतं."

"मी तुला नवरी म्हणत होते, गं. आठ महिने."

लंबूच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य अडकून बसलं होतं. त्या दिवशी तिला घरी सोडायला थंडपाणी गेली, म्हणजे जिला कॅन्सर तिनं धडधाकट बाईला धरून घरी नेलं.

खरा गोंधळ ऑपरेशनच्या तारखेवरून झाला. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की गर्भपिशवी लगेच काढायची. थंडपाणीनं उलट त्यांना सांगितलं, "या महिन्यात जमणार नाही. आमच्याकडच्या दोघी रजेवर आहेत. पुढच्या महिन्यात बघू."

सुनेनं ते मला सांगितलं तेव्हा मी माझ्याच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. ही बाई मरणाला तारीख देत होती. तिला काय झालंय हे तिला कळलंच नव्हतं. कानांनी ऐकलं होतं, कागदावर अंगठ्याइतकी मोठी सही केली होती, पण आत काही उतरलं नव्हतं. विनोद करत होती तो धीर नव्हता. तिच्या लेखी तो अजूनही नखाएवढाच डाग होता.

मी समजावलं, सुनेनं समजावलं, मुलगा तर तिच्या पायाशी बसला. ती आपली "हो हो" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामाला निघायची. शेवटी लंबू घरी आली. दोन-तीन दिवस ती कामावरही गेली नव्हती. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. ती दारातच उभी राहिली आणि आम्हा कुणाकडे न बघता म्हणाली, "मी दुसऱ्या कुणाबरोबर घडी घालणार नाही."

"काय झालं हिला?" थंडपाणी म्हणाली.

"तू उद्या दाखल झाली नाहीस तर मी काम सोडते. तू महिनाभर थांब, सहा महिने थांब, मग तू नसशील. मग ते मला कुणीतरी नवी पोरगी देतील, तिला चादर कशी धरतात ते ठाऊक नसेल आणि मी तिला रोज सांगू की इथं आधी एक बाई होती, तिला आम्ही हसून हसून मारली? मी नाही सांगणार. मी काम सोडते."

"काहीतरीच बोलतेस. रजेवरच्या दोघी आल्या की..."

"चादरी काय पळून जातायत? मळलेल्या राहतील. लोक मळक्या चादरीवर झोपून मरत नाहीत. तू मरशील."

मरशील हा शब्द घरात तोपर्यंत कुणीच उच्चारला नव्हता. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, सभ्य. थंडपाणी आत गेली आणि पिशवी भरायला लागली. टॉवेल घेतला, फणी घेतली, चप्पल घेतली. घरातली चादर घेतली.

"चादर तिथं मिळते, आई," सून म्हणाली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच घेतेय."

ऑपरेशन झालं. दाराबाहेर आम्ही चौघं होतो, मुलगा, सून, लंबू आणि मी. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, पिशवी काढली म्हणाल्या, वरवर ठीक दिसतंय म्हणाल्या, पण आजार कुठपर्यंत गेलाय ते काढलेला भाग तपासल्यावरच कळेल, असंही म्हणाल्या. म्हणजे आणखी वाट पाहणं.

ते दिवस थंडपाणी खाटेवर होती आणि तिचं तोंड काही बंद नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती साबण कुठला वापरायचा ते सांगायची. नर्सला म्हणायची, "दुकान केव्हाच बंद होतं, आता पाटीही उतरवली." भेटायला आलेल्या लाँड्रीतल्या बायकांना ती हसवायची आणि त्या बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायच्या. त्यांच्यातल्या एकीनं सुनेला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मला मधे मधे दिसतं, ते पण दाखवायचं असतं का?" सुनेनं तिला हाताला धरून तशीच बाईंच्या दाराशी नेऊन उभी केली. पुढे तिचं साधंच काही निघालं.

निकालाच्या दिवशी थंडपाणीला हळूहळू चालता येत होतं. ती स्वतःच्या पायांनी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली, सून आणि लंबू दोन बाजूंना. मी दाराशी उभी होते. बाईंनी कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि मान वर केली.

"आजार पिशवीच्या आतच होता," त्या म्हणाल्या. "बाहेर कुठेही गेलेला नाही. आणखी काही औषध लागेल असं वाटत नाही. ठरलेल्या वेळी तपासायला येत राहायचं, ते मात्र चुकवायचं नाही. आणि पुन्हा कधी थेंब दिसला तर त्याच दिवशी वर यायचं."

सुनेनं डोळे मिटले. लंबूनं दोन्ही हात जोडले ते कुणाला जोडले ते तिलाही माहीत नसावं. मुलगा बाहेर होता, त्याला सांगायला मी वळलेच होते, तेवढ्यात थंडपाणीचा आवाज आला. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. इतका लहान होता की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"आणि मी त्या दिवशी हिच्याबरोबर आले नसते तर?"

बाईंनी हातातला कागद मिटला.

"सांगा ना. मी खालीच राहिले असते, माझं काम करत, तर?"

"तर तुम्ही वर आलाच असतात," बाई म्हणाल्या. "कधीतरी. पण मग मला आज जे सांगता आलं ते सांगता आलं नसतं."

थंडपाणी उठली. आम्हाला वाटलं, आता काहीतरी चेष्टा करेल. ती दारापर्यंत आली आणि तिथंच भिंतीला टेकली. लंबूनं एका बाजूनं धरलं, सुनेनं दुसऱ्या, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिचे दात वाजत होते. इतके दिवस जे तिला कुणी समजावू शकलं नव्हतं ते आता, सगळं संपल्यावर, चांगली बातमी ऐकून तिला कळलं होतं. मुलगा धावत आला आणि घाबरून विचारायला लागला, "काय सांगितलं? काय सांगितलं?"

"बरं सांगितलं," सून म्हणाली. "सगळं बरं आहे. आई, अहो आई, सगळं बरं आहे. ऐकलंत ना तुम्ही?"

थंडपाणीनं मान हलवली. तिनं लंबूचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि ती समोरच्या जिन्याकडे बघत होती, तिच्या लाँड्रीकडे खाली जाणाऱ्या.

"मी चाललेच होते की गं," ती म्हणाली. "चालले होते आणि मला पत्ताच नव्हता."

मग ती रडली. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रडताना पाहिलं. लंबू तिच्या शेजारी बसून राहिली, सून पायाशी बसली. बाकासमोरून लोक येत होते, जात होते. आम्ही कुणी तिला उठवायची घाई केली नाही.